घरची महागाई घरीच मोजा

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. २०१२ हे आधारवर्ष धरून चाललेल्या निर्देशांकाच्या मालिकेतला हा नीचांक. शंभराला पंचवीस पैसे! दिवाळीचा किराणा भरून झाल्यावर ज्यांनी ही बातमी वाचली, त्यांना ती थट्टाच वाटली असणार. पण आकडा खोटा नव्हता आणि वाण्याचे बिलही खोटे नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे एकदा कळले की या आकड्याचा घरात उपयोग करता येतो. नाहीतर तो दर महिन्याला येतो, दोन दिवस त्यावर चर्चा झडते आणि मुदत ठेव, घरभाडे, निवृत्तीची तजवीज हे सगळे आपण पुन्हा अंदाजपंचे ठरवतो.

आधी दर आणि पातळी यांतला फरक. २०१२ मध्ये १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२५ च्या उत्तरार्धात १९५ च्या पुढे गेला होता. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला आता जवळपास दुप्पट पैसे पडतात. ०.२५ टक्के हा आकडा या सगळ्या चढणीबद्दल काही बोलत नाही. तो फक्त मागच्या ऑक्टोबरपासून या ऑक्टोबरपर्यंत काय झाले एवढेच सांगतो. दर उतरला म्हणून भाव उतरत नाहीत. ते चढायचे थांबतात, तेही सरासरीने.

आणि मागचा ऑक्टोबर कसा होता? ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी कडाडल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच भाज्या साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. मथळे वाचणाऱ्याला वाटते, एका वर्षी आग लागली आणि दुसऱ्या वर्षी भाजी मातीमोल झाली. हिशेब करून पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरात शंभर रुपयांना मिळणारी भाजी २०२४ मध्ये १४२ रुपयांवर गेली आणि २०२५ मध्ये १०३ रुपयांवर आली. दोन वर्षांत तीन रुपये. याला अर्थशास्त्रात ‘बेस इफेक्ट’ म्हणतात: ज्या वर्षाशी तुलना करायची तेच वर्ष बेताल असेल, तर आजचा आकडाही बेताल दिसतो. म्हणून कुठलाही वार्षिक दर फारच खाली किंवा फारच वर दिसला की आदल्या वर्षी त्याच महिन्यात काय होते ते आधी बघावे. एकूण महागाईचे ६.२१ आणि ०.२५ हे दोन आकडे एकत्र केले की दोन वर्षांत सुमारे साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला सव्वातीनच्या आसपास भाववाढ निघते. हा आकडा बातमीत येत नाही, पण घर चालवायला तोच बरा.

एक खबरदारी इथेच सांगून टाकतो. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. पावसाळ्यात भाजी चढते आणि हिवाळ्यात, नवा माल बाजारात आला की, उतरते. हे ऋतुचक्र आहे. जुलैची तुलना जुलैशीच व्हावी.

आता टोपलीकडे वळू. निर्देशांक म्हणजे सरासरी घराची खरेदीची टोपली, आणि त्यात प्रत्येक वस्तूला तिच्या खर्चातील वाट्याप्रमाणे भार दिलेला असतो. २०१२ च्या मालिकेत ही टोपली २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवरून भरली होती. तीत शंभर रुपयांपैकी जवळपास ४६ रुपये खाण्यापिण्याचे होते. ग्रामीण भागासाठी ५४, शहरी भागासाठी ३६. कांद्याला ६४ पैसे, टोमॅटोला ५७ पैसे, बटाट्याला ९८ पैसे. पैसे किरकोळ वाटतात, पण जुलै २०२३ मध्ये टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तिपटीवर गेला, तेव्हा एकट्या टोमॅटोने देशाच्या महागाई दरात सुमारे एक टक्क्याची भर घातली. त्या महिन्यात दर ७.४४ टक्के होता.

ही टोपली जुनी झाली होती, हे सगळ्यांनाच दिसत होते. उत्पन्न वाढले की ताटावरच्या खर्चाचा वाटा घटतो. मोबाइल, प्रवास, दवाखाना, शिकवणी यांचा वाढतो. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घरांचा खाण्यापिण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ४० टक्क्यांच्याही किंचित खाली होता, ग्रामीण घरांचा ४७ टक्के. त्या पाहणीवर आधारलेली, २०२४ हे आधारवर्ष असलेली नवी मालिका जानेवारी २०२६ च्या आकड्यापासून सुरू झाली आणि तीत खाण्यापिण्याचा भार ३७ टक्क्यांच्या आसपास आला. ग्रामीण घरभाडे पूर्वी मोजलेच जात नव्हते, ते आता मोजले जाते. परिणाम असा की कांद्या-टोमॅटोच्या उड्यांनी राष्ट्रीय आकडा पूर्वीइतका हेलकावणार नाही. तुमच्या घरातला कांदा मात्र तेवढाच रडवेल.

टोपलीत काय नाही, हेही माहीत हवे. घराची किंमत नाही. गृहकर्जाचा हप्ता नाही. घरभाडे आहे, पण फ्लॅट घेताना मोजलेले पैसे ही गुंतवणूक धरली जाते, उपभोग नव्हे. त्यामुळे पुण्यात किंवा ठाण्यात घर शोधणाऱ्या जोडप्याला जाचणारी महागाई या आकड्यात शोधूनही सापडणार नाही. उलट सोने आहे. जुन्या मालिकेत त्याला एक टक्क्याहून थोडाच जास्त भार होता, पण २०२५ मध्ये सोने इतके चढले की अन्न व इंधन वगळून काढली जाणारी ‘गाभा महागाई’ त्यानेच फुगवली. ज्यांच्या घरी त्या वर्षी लग्न होते त्यांनी हा भाव सोसला. ज्यांच्या घरी नव्हते त्यांच्यासाठी ती निव्वळ बातमी होती.

म्हणून माझा सल्ला असा की राष्ट्रीय आकडा वाचावा जरूर, पण घरचा निर्देशांक वेगळा काढावा. काम अवघड नाही. एक वही किंवा मोबाइलमधली एक्सेल पुरते आणि वर्षातून दोनदा बसले तरी चालते.

पद्धत सरकारचीच उचला, कारण ती शिस्तीची आहे. २०१२ च्या मालिकेसाठी देशातल्या १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून किमती गोळा होत. भाव घेणारा कर्मचारी ठरलेल्या दुकानात जातो आणि ठरलेल्या वस्तूचा, ठरलेल्या मापाचाच भाव लिहून घेतो. ‘तीच वस्तू, तेवढीच’ हा सगळ्याचा गाभा. घरी आपण नेमके इथे चुकतो. मागच्या वर्षी किराणा नऊ हजार, यंदा अकरा हजार, म्हणजे बावीस टक्के महागाई, असे म्हणून मोकळे होतो. मधल्या काळात साधे तूप जाऊन गावरान तूप आलेले असते, नातू राहायला आलेला असतो, महिन्यातून चारदा बाहेरून जेवण मागवलेले असते. हा खर्च वाढला हे खरे. पण ती महागाई नव्हे, राहणीमान आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून ती वेगळी मोजायची.

उदाहरणादाखल एक घर धरू. निवृत्त पती-पत्नी, स्वतःचा फ्लॅट, महिन्याचा खर्च चाळीस हजार. किराणा, भाजी, दूध मिळून १४ हजार. औषधे, तपासण्या, डॉक्टर ८ हजार. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता साठ हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ४ हजार. वीज, गॅस, फोन ३ हजार. घरकामाच्या मावशींचा पगार ३ हजार. रिक्षा, सणवार, किरकोळ ३ हजार. एक वर्ष गेले. समजा भाजी उतरली, तेल चढले आणि स्वयंपाकघराचा आकडा १४ हजारांवरच राहिला. वीज-गॅसही तेवढेच. औषधपाणी ४८० रुपयांनी वाढले, विमा ७५० ने, मेंटेनन्स ४०० ने, मावशींचा पगार ५०० ने आणि किरकोळ खर्च १२० ने. बेरीज २,२५० रुपये. चाळीस हजारांवर ही वाढ साडेपाच टक्क्यांच्या थोडी वर जाते. टीव्हीवर महागाई एक टक्क्याच्याही खाली आल्याचे सांगत असताना या घरात ती साडेपाच असू शकते, आणि त्यात कुणी कुणाला फसवलेले नाही.

याच इमारतीत दोन लहान मुलांचे घर असेल तर त्यांचा आकडा शाळेची फी ठरवील. फी वर्षातून एकदा, जूनमध्ये उडी मारते. मग अकरा महिने शांत. अशा एकरकमी खर्चांना बाराने भागूनच यादीत घ्यावे, नाहीतर जूनमध्ये घाबराल आणि डिसेंबरमध्ये उगाच निश्चिंत व्हाल.

विम्याच्या हप्त्याबद्दल जरा थांबतो, कारण तिथे गल्लत फार होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला गेला. तरीही अनेकांना नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढलेलाच दिसतो. कारण विमा कंपनीने दर वाढवलेला असेल, किंवा तुम्ही वयाच्या पुढच्या टप्प्यात गेला असाल. दुसरे कारण निर्देशांकाच्या लेखी महागाई नाही, कारण साठीच्या माणसाचा विमा आणि एकसष्टीच्या माणसाचा विमा या दोन वेगळ्या वस्तू. खिशाला हा फरक कळत नाही. त्यामुळे घरच्या वहीत तो धरावा, पण शेजारी ‘वयामुळे’ असे लिहून ठेवावे. पुढची दहा वर्षे तो कसा वाढेल हे कंपनीच्या वयानुसार दरपत्रकात आजच वाचता येते. इतर कुठल्याच खर्चाबाबत ही सोय नाही.

लपलेली भाववाढही टिपा. बिस्किटाचा दहा रुपयांचा पुडा दहालाच मिळतो, पण आतले वजन घटलेले असते. साबणाच्या वडीचेही तेच. पुडक्यावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर किंमत छापणे आता बंधनकारक आहे; बारीक अक्षरात असते, चष्मा लावून वाचावी. वहीत पुड्याची किंमत न लिहिता किलोची लिहिली की ही चलाखी आपोआप उघडी पडते.

तेलाची नोंद वेगळ्या ओळीत ठेवा असे मी सुचवीन. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग आयात होतो, त्यामुळे आपल्या कढईतल्या तेलाचा भाव मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलावर, डॉलरवर आणि दिल्लीच्या आयात शुल्कावर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलांवरचे प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले, आणि २०२५ मध्ये भाजी स्वस्त होत असतानाही तेल चढतच राहिले. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. शुल्कवाढीची बातमी आली की पुढच्या महिना-दोन महिन्यांची बेगमी आधीच करणे यात साठेबाजी काही नाही. वर्षभराचे तेल मात्र भरू नये. ते खवट होते.

आता वाचकांतल्या शेतकरी घरांसाठी थोडे वेगळे. लासलगावच्या किंवा नारायणगावच्या आवारात माल नेणाऱ्या घराला भाज्यांची साडेसत्तावीस टक्क्यांची उतरण ही उत्पन्नातली घट असते. शहरात ज्याला महागाई आटोक्यात येणे म्हणतात, ते गावात भाव पडणे असते. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली, मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क लावून उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० वर आणले आणि १ एप्रिल २०२५ ला काढले; या प्रत्येक निर्णयामागे ग्राहक किंमत निर्देशांकाची धास्ती होती, हे माझे मत. अशा घराने वहीत दोन याद्या ठेवाव्यात: आपण विकतो त्याचे भाव आणि आपण विकत घेतो त्याचे. खत, डिझेल, मजुरी, फी आणि दवाखाना एका बाजूला. कांदा, सोयाबीन, दूध दुसऱ्या बाजूला. राष्ट्रीय महागाई कमी असलेले वर्षच या घरासाठी ओढगस्तीचे ठरू शकते, आणि पीककर्ज किती उचलायचे हे त्यावरून ठरवावे.

घरचा आकडा हाती आला की त्याचा पहिला उपयोग ठेवींकडे बघताना होतो. समजा मुदत ठेवीवर साडेसहा टक्के व्याज आहे आणि तुम्हाला वीस टक्के कर बसतो. हाती ५.२ टक्के. वरच्या निवृत्त जोडप्याची महागाई ५.६. व्याजातला एक रुपयाही खर्च केला नाही तरी त्यांची ठेव दरवर्षी थोडी थोडी झिजते आहे. व्याजावरच घर चालत असेल तर बरीच. म्हणून सगळे काढून शेअर बाजारात टाका, असे मी म्हणणार नाही. पण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि बँकांचे दर उतरत असताना २०२५ मध्येही तिथेच राहिला. तिथली तीस लाखांची मर्यादा न वापरता पैसे बचत खात्यात पडून ठेवणारे अनेकजण आहेत, त्यांनी तरी उठावे.

बँकांचे दर का उतरले, हेही याच आकड्याशी बांधलेले आहे. २०१६ च्या कायदा दुरुस्तीपासून रिझर्व्ह बँकेला महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे आणि २ ते ६ हा पट्टा. सलग तीन तिमाहींत सरासरी महागाई पट्ट्याबाहेर राहिली, तर बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये ही वेळ आली होती. त्या एप्रिलात दर ७.७९ टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२५ मध्ये उलटे झाले. महागाई उतरली आणि रेपो दर वर्षभरात ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. यातून घरासाठी साधा ठोकताळा निघतो: महागाई चारच्या खाली टिकू लागली की लांब मुदतीची ठेव लवकर करून टाकावी, आणि गृहकर्जदाराने बँकेत चक्कर मारावी. १ ऑक्टोबर २०१९ नंतरची तरत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक रेपोशी, जोडलेली असतात. जुनी तशी नसतात आणि तिथे कपात रखडत पोहोचते. थोडे शुल्क भरून जुने कर्ज बदलून घेता येते. दर कमी झाला तरी बँक बहुधा हप्ता न घटवता मुदत घटवते. ते वाईट नाही, पण विचारून घ्यावे.

निवृत्तीचा हिशेब करताना ०.२५ हा आकडाही धरू नये आणि ७.७९ हाही. २०१२ पासूनची चाल पाहिली तर सरासरी वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास पडते. पाच टक्क्यांनी खर्च सुमारे चौदा वर्षांत दुप्पट होतो, साडेपाचने तेरा वर्षांत. साठीला चाळीस हजारांत चालणारे घर त्र्याहत्तराव्या वर्षी ऐंशी हजार मागेल. ज्यांचे उत्पन्न महागाईशी जोडलेलेच नाही त्यांनी हे आधी पाहावे: कर्मचारी पेन्शन योजनेतले किमान हजार रुपये सप्टेंबर २०१४ मध्ये ठरले आणि पुढच्या अकरा वर्षांत निर्देशांक दीडपटीहून वर गेला तरी ते हजारच राहिले.

पगारदारांचा महागाई भत्ता मात्र या निर्देशांकावर ठरत नाही. त्यासाठी कामगार ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक वेगळा असतो, २०१६ आधारवर्षाचा, आणि केंद्राचा भत्ता त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. टीव्हीवरचा दर घटला म्हणून भत्ता घटेल ही भीती अनाठायी. घाऊक किंमत निर्देशांकही निराळा. त्यात सेवा नसतात, म्हणजे दवाखाना, शाळा, रिक्षा काही नाही. दोन आकडे एकाच आठवड्यात येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांत मिसळतात.

मालिका बदलते तेव्हा विशेष सावध राहावे. जुन्या मालिकेचा १९७ आणि नव्या मालिकेतला शंभरच्या आसपासचा आकडा यांची थेट वजाबाकी करता येत नाही. मध्ये जोडगुणक लागतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २००१ वरून २०१६ वर येताना तो २.८८ होता. हा गुणक कमी-जास्त झाला तर लाखो पगारांवर परिणाम होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कामगारांनी निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो अशी ओरड केली, तेव्हा प्रा. डी. टी. लकडावाला यांची तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि कामगारांच्या तक्रारीत तथ्य निघाले होते.

घरभाड्याच्या करारात महाराष्ट्रात अकरा महिन्यांनी पाच किंवा दहा टक्के वाढ सवयीने लिहिली जाते. दलालाच्या छापील मसुद्यात ती आधीच असते. ज्या वर्षी महागाई एक टक्क्याच्या खाली आहे त्या वर्षी दहा टक्के मागणाऱ्या मालकाला भाडेकरूने आकडा दाखवावा, आणि ज्या वर्षी ती सातवर आहे त्या वर्षी मालकानेही. दोघांना मान्य असेल तर वाढ निर्देशांकाला बांधता येते. पण मग करारात मोघम ‘महागाईनुसार’ असे लिहू नका. कुठला निर्देशांक, ग्रामीण, शहरी की एकत्रित, कोणते आधारवर्ष, कोणत्या महिन्याचा आकडा आणि मालिका बदलली तर कोणता जोडगुणक, हे पाचही तपशील लिहून मगच सही करा.